तासलेली हिरडी

सुनेने कागद थेट कामाच्या टेबलावर ठेवला, सासऱ्यांच्या उजव्या हाताशी, स्पिरिटच्या दिव्याजवळ. स्वयंपाकघरात ठेवला असता तर सासूबाईंनी त्याच्यावर ताट ठेवलं असतं. नवऱ्याच्या हातात दिला असता तर त्याने चार घड्या घालून खिशात टाकला असता आणि पँट धुवायला दिली असती. वर्कशॉपमध्ये मात्र कागद वाचला जाई. तिथे रोज दवाखान्यांतून चिठ्ठ्या येत, कुणाला खालची कवळी, कुणाला पुढचे चार दात, आणि सासरे चष्मा कपाळावरून नाकावर ओढून त्या नीट वाचत. याही कागदाला तेवढा मान मिळाला.

"उद्या सकाळी अकरा," ते वाचता वाचता म्हणाले. "हिरड्यांची खोल सफाई. उजवी बाजू, बधिर करून." त्यांनी कागद होता तिथेच ठेवला आणि मेणात बसवलेले दात पुन्हा हातात घेतले. "आईला दाखवलंस?"

"आधी तुम्हाला दाखवलं, बाबा."

"म्हणजे मला पुढे करायचा बेत आहे."

"पुढे नाही. निदान मागे तरी उभे राहा."

सासरे हसले, पण दातांकडे बघत हसले. सुनेकडे बघायची त्यांची हिंमत नव्हती.

त्या घरात गेली चौतीस वर्षं एक नियम होता. घरातल्या बाईच्या पोटात बाळ असलं की तिच्या दातांना कुणी हात लावायचा नाही. दुखला तर दुखू द्यायचा, हलला तर हलू द्यायचा. हा नियम सासूबाईंनी केला होता आणि सासऱ्यांनी एका शब्दानेही विरोध केला नव्हता. तीन पिढ्या जगाला दात पुरवणाऱ्या घरात हा नियम जरा विचित्रच होता. त्यामागचं कारण सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच ते बोलत नसे.

सुनेला सहावा लागला होता, बाविसावा आठवडा. पहिले तीन महिने उलट्यांनी तिला इतकं छळलं की ब्रश मागच्या दातांपर्यंत नेला की पोट ढवळायचं, म्हणून तिने तो तिथवर नेणंच सोडलं. मग थुंकीत रक्त दिसायला लागलं. मग सकाळी उशीवरही. गेल्या आठवड्यात वरचा एक दात जिभेने ढकलला तर किंचित सरकला, आणि ती सरळ उठून दवाखान्यात गेली. ती लिफ्ट तपासायची, सरकारी खात्यात. घरात तिचं नाव इन्स्पेक्टर पडलं होतं ते काही उगीच नाही.

सासूबाई आल्या त्या हात पुसत. मागोमाग धाकटा आला, म्हणजे इन्स्पेक्टरचा नवरा. बायको वर्कशॉपमध्ये शिरली आणि दहा मिनिटं बाहेर आली नाही एवढ्यावरून त्याला वास लागला होता. खिडकीजवळच्या टेबलावर त्याची बहीण, ताई, साच्याच्या कडा घासत बसली होती. वर्कशॉप आता खरं तर तीच चालवायची. वडील काम करत, ती काम बघे.

"कसला कागद?" सासूबाईंनी विचारलं.

इन्स्पेक्टरने सांगितलं. सगळं सांगितलं. दात आणि हिरडीच्या मध्ये फट असते, ती तीन मिलीमीटरपर्यंत चालते. तिची पाच भरली, दोन ठिकाणी सहा. आत पू आहे. हाड थोडं झिजलंय. बाळंतपणाच्या डॉक्टरांनी हिरड्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं, आणि दोघींचं एकमत आहे की हेच महिने या कामाला सोयीचे आहेत.

"बाळ झालं की कर," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "चार महिन्यांचा प्रश्न आहे."

"चार महिनेच महत्त्वाचे आहेत, आई."

"हिरडीतून रक्त सगळ्यांच्याच येतं या दिवसांत. माझ्याही येत होतं."

"मी पण तेच म्हणतो," धाकटा म्हणाला. "चार महिने थांबायला काय हरकत आहे? जास्त वेळा चूळ भरू. मिठाचं पाणी."

"भरू म्हणजे? तूही भरणार आहेस?" बायकोने विचारलं.

 धाकटा वाईट माणूस नव्हता. तयार कवळ्या दवाखान्यांत पोचवायचं काम त्याच्याकडे होतं आणि घरातही तो तेच करायचा, याचं म्हणणं त्याच्याकडे आणि त्याचं याच्याकडे, वाटेत काही फुटू नये एवढंच बघत. रात्री बायकोच्या बाजूने तो ठाम होता. दुपारी आईच्या समोर तो तितकाच ठाम होता.

"डॉक्टर काय म्हणाली ते नीट ऐका," इन्स्पेक्टर म्हणाली. "ज्या बायकांच्या हिरड्या अशा असतात त्यांच्यात बाळ वेळेआधी होणं, वजन कमी भरणं, रक्तदाब चढणं हे जास्त दिसतं. तिथली सूज तोंडापुरती राहत नाही, रक्तातून अंगभर जाते."

"वेळेआधी" हा शब्द त्या खोलीत उच्चारला गेला आणि ताईचा हात थांबला. सासरे दिव्याची वात उगाच कमी करू लागले.

सासूबाई म्हणाल्या, "मला वेळेआधीचं सांगू नकोस. मला माहीत आहे ते कशाने होतं." मग धाकट्याकडे बोट करून, "हा पोटात होता तेव्हा मी तोंड उघडलं नाही कुणापुढे. दाढ ठणकून रात्र रात्र बसून काढली. पूर्ण दिवसांनी झाला. पावणेचार किलो. बघ, समोर उभा आहे."

पावणेचार किलो या उल्लेखाने धाकटा नेहमी संकोचायचा, आजही संकोचला.

"आई, झिजलेल्या दोरावर शंभर लिफ्ट चालतात," इन्स्पेक्टर म्हणाली. "पडते एखादी. बाकीच्या नव्याण्णव चालल्या म्हणून दोर चांगला होता असं मला लिहिता येत नाही. मी लिफ्ट बंद करते, दोर बदलायला लावते. लोक शिव्या देतात, जिने चढतात. मी ऐकून घेते."

"हे लिफ्टचं काम नाही."

"नाही. म्हणून जास्तच काळजी घ्यायला हवी."

सासूबाईंना ही मुलगी आवडायची, हीच अडचण होती. दुसरी कुणी असती तर त्यांनी दोन शब्द सुनावून विषय संपवला असता. ही उर्मट नव्हती, घाबरटही नव्हती. तिचं बोलणं ऐकताना आपण हरतो आहोत असं त्यांना वाटत नव्हतं, नुसतं एकटं पडल्यासारखं वाटत होतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. चौतीस वर्षांत या एका विषयावर त्यांनी नवऱ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

"तुम्ही काही बोलणार आहात का?"

सासऱ्यांनी मेणातला एक दात काढून पुन्हा बसवला. ताई मात्र उठली.

तो नियम झाला त्या वेळी ताईला चार वर्षं पूर्ण झाली होती. तिला आठवत होतं ते इतकंच की आई याच वर्कशॉपमधल्या उंच खुर्चीत बसली होती, बाबांनी चिमट्याने तिचा दात काढला होता आणि ताईला दाखवायला तळहातावर धरला होता. तेव्हा बाबा दात काढायचेही. नंतर काही दिवसांनी घरात सगळे हळू बोलायला लागले, आणि आईचं पोट नाहीसं झालं. उंच खुर्ची कुणाला तरी देऊन टाकली. बाबांनी त्यानंतर जिवंत माणसाच्या तोंडाला चिमटा लावला नाही, फक्त कवळ्या केल्या. ताई धंदा शिकली तो असा अर्धा झालेला. आपल्याला दात काढायला का शिकवत नाहीत हे तिने एकदाच विचारलं होतं.

भिंतीवर छतापर्यंत फळ्या होत्या आणि त्यांवर प्लास्टरचे जबडे. खालच्या फळ्यांवर गिऱ्हाइकांचे, सर्वांत वरच्या फळीवर घरच्यांचे. इतर घरांत फोटो असतात, या घरात जबडे होते. आजोबांनी ही सवय लावली. घरात नवीन माणूस आलं की साचा, मग दर काही वर्षांनी साचा, बुडाला तारीख कोरलेली. इन्स्पेक्टर लग्न होऊन आली तेव्हा तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी तिच्या तोंडात गुलाबी लगदा भरला होता, आणि ती डोळे मोठे करून नवऱ्याकडे बघत राहिली होती.

ताईने शिडी लावली आणि आईचे दोन साचे खाली आणले. एक लग्नानंतर वर्षभराने घेतलेला. दुसरा त्या वर्षातला, दात काढायच्या दोन महिने आधीचा. तिने ते खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत राहिली. तिने कवळीसाठी हजारो साचे हाताळले होते, पण ते सगळे दातांसाठी.

"वहिनी, इकडे ये," ती म्हणाली. "डॉक्टरने तुला चित्र दाखवलं असेल ना, हिरडी कशी दिसते त्याचं? हे बघ, पहिला साचा. खालचे पुढचे दात. हिरडी खाली सरकलीय, दात लांब दिसतात. दोन दातांमधलं टोक बोथट आहे. हे लग्नानंतर एकाच वर्षाने. तेव्हा आईला दिवसही नव्हते."

"आणि दुसरा?"

"दुसऱ्यात वरच्या जबड्यात असं काहीच नाही. हिरडी एकदम गुळगुळीत." ताईने अंगठा फिरवला. मग तो उलटा फिरवला, आणि थांबली. "चाकूच्या खुणा आहेत. इथे तासलंय."

सासऱ्यांनी दिवा विझवला.

"चाकू माझा आहे," ते म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. गेली कित्येक वर्षं ते या घरात कमी बोलत आले होते आणि लोकांना तो स्वभाव वाटत होता.

"दात हलत होता. काढला की तिथे बसवायला नवा दात तयार ठेवायचा म्हणून साचा घेतला. हिरडी खूप वर आलेली होती, फुगलेली. सुजलेल्या हिरडीवर काम बरोबर बसत नाही. आम्ही नेहमीच तासतो, सूज पुढे उतरेल असं धरून. ताई, तूही तासतेस. मी तासली, साचा छान दिसला." त्यांनी चष्मा काढला. "दोन महिने मी रोज तिच्या तोंडाकडे बघत होतो आणि मला हलणारा दात दिसत होता. आपल्या धंद्यात हिरडी म्हणजे कवळी बसायची जागा. तिला काही आजार असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दात काढला तेव्हा मागून पू आला. मी कापसाने पुसला आणि तुला सांगितलं, झालं, आता दुखणार नाही."

"म्हणजे आधीपासूनच होतं," धाकटा म्हणाला. "म्हणजे बाबांनी दात काढला म्हणून—"

"ते आज कुणालाच सांगता येणार नाही," इन्स्पेक्टरने त्याला अडवलं. तिला सासऱ्यांची दया येत होती, तरी तिने जे माहीत नाही ते सांगितलं नाही. "दात काढल्याने झालं नसेल. हिरड्यांमुळे झालं असेल, किंवा तिसऱ्याच कशाने. चौतीस वर्षांपूर्वीचं प्लास्टर एवढंच सांगतं की सूज होती."

सासूबाई खिडकीशी गेल्या. त्यांनी दुसरा साचा उचलून उजेडात धरला. आपल्याच तोंडातली ती गुळगुळीत जागा त्या बघत होत्या. आठ दिवसांनी कळा आल्या होत्या, बरोबर आठ दिवसांनी. त्या आठ दिवसांच्या हिशेबावर त्यांनी पुढचं सगळं उभं केलं होतं, नियम, अबोला, नवऱ्याशी सभ्यपणे वागणं. सभ्यपणे म्हणजे ताट वाढून देणं, औषधाची वेळ सांगणं आणि त्यांच्या शेजारी कधी न बसणं.

"इतकी वर्षं मी धरून बसले की तुम्ही घाई केलीत," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही सांगताय की उशीर केलात."

"हो," सासरे म्हणाले.

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"मला आज कळलं. ही फटीचे मिलीमीटर सांगायला लागली तेव्हा. तोवर मलाही वाटत होतं की मीच."

सासूबाईंना खूप राग आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना म्हणून आणखी आला. त्यांनी साचा खाली ठेवला, नीट, कडेला नाही. धाकटा पुढे होऊन काही समजुतीचं बोलायच्या बेतात होता, त्याला त्यांनी हातानेच थांबवलं. मग त्या सुनेकडे वळल्या.

"अकरा म्हणजे साडेदहाला निघायला हवं," त्या म्हणाल्या. "आणि मी आत बसणार. बाहेर नाही."

"बसा," इन्स्पेक्टर म्हणाली. "मला बरंच वाटेल."

"आई, मी म्हणतच होतो की—" धाकट्याने सुरुवात केली.

"तू म्हणत होतास मिठाचं पाणी," ताई म्हणाली, आणि साच्याच्या कडा पुन्हा घासायला बसली.

हिरड्यांची डॉक्टर वयाने ताईपेक्षाही लहान निघाली. सासूबाईंना ते फारसं पसंत पडलं नाही. पण तिने इन्स्पेक्टरच्या उजव्या कमरेखाली टॉवेलची घडी सरकवून तिला जरासं डावीकडे कलतं केलं. पाठीवर सपाट झोपलं तर पोटाचा भार मोठ्या शिरेवर येतो, असं तिने न विचारता सांगितलं. त्यावर सासूबाईंनी आपली खुर्ची एक वीत पुढे घेतली.

"इंजेक्शन बाळाला लागेल का?"

"हे नाही लागत. बाळंतपणाच्या डॉक्टरांशी माझं बोलणं झालंय."

"आणि हे केल्याने दिवस पूर्ण भरतील?"

"ती हमी मी देणार नाही, आजी. हिरड्यांचा आजार आणि अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं एकत्र दिसतात. पण हिरड्या साफ केल्या की ते हमखास टळतं, असं अजून ठामपणे सांगता येत नाही. मला दोन गोष्टी ठाम सांगता येतात. या सफाईने बाळाला धोका नाही. आणि पू घेऊन चार महिने काढण्यात कुणाचंच भलं नाही."

सासूबाईंना हमी मिळाली असती तर त्यांचा विश्वास बसला नसता. त्यांनी मान हलवली आणि सुनेचा पाय घोट्याशी धरला. इन्स्पेक्टरला बधिर झालेल्या जबड्यात फक्त खरखर जाणवत होती आणि घोट्याशी ती घट्ट पकड. पाऊण तासात बरंच रक्त आलं, डॉक्टर म्हणाली की ते यायचंच होतं. मध्येच बाळाने लाथ मारली तेव्हा इन्स्पेक्टरने तोंड उघडं ठेवून बोटाने पोट दाखवलं. सासूबाईंनी पुढे वाकून बघितलं आणि पुन्हा लाथ बसेपर्यंत तशाच थांबल्या.

मग आठ दिवस सुरू झाले. घरात कुणी मोजतो म्हणालं नाही आणि सगळ्यांनी मोजले. इन्स्पेक्टर दुसऱ्या दिवशी कामावर गेली. खात्याने तिला वर चढायचं काम बंद केलं होतं, त्यामुळे ती खाली बसून इतरांचे अहवाल तपासायची आणि त्यांना परत पाठवायची. धाकटा तिला सोडायला जायचा, आणायला जायचा, आणि मध्ये तीन वेळा फोन करायचा. ताईने बारीक केसांचा ब्रश आणून दिला आणि तिला मागच्या दातांवर तो कसा धरायचा ते प्लास्टरच्या जबड्यावर दाखवलं. चौथ्या दिवशी उशीवर रक्त नव्हतं. सासूबाईंनी अभ्रा स्वतः बदलला, उलटासुलटा करून बघितला आणि पाण्यात टाकला.

आठव्या दिवशी संध्याकाळी इन्स्पेक्टर घरी आली ती बूट काढता काढता म्हणाली, "आई, भूक लागलीय." सासूबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पोट होतं तिथे होतं. त्या जेवण वाढायला गेल्या.

नवव्या दिवशी डाव्या बाजूची पाळी होती. साडेदहाला त्या वर्कशॉपच्या दारात आल्या.

"तुम्हीही चला," त्यांनी नवऱ्याला सांगितलं. "शर्ट बदला आधी. प्लास्टर लागलंय."

दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, आजी आज आत नाही का? सासूबाई म्हणाल्या, आज तिचा नवरा बसेल, त्यालाही जरा कळू दे. धाकटा पांढऱ्या चेहऱ्याने आत गेला. दार लागलं. बाहेर एकच बाक होता, दोन माणसांपुरता. सासरे उभे राहिले होते.

"बसा," त्या म्हणाल्या.

ते बसले. आतून यंत्राची बारीक शीळ येत होती, मधूनच पाण्याचा आवाज. 

"तेव्हा तुम्ही बघायला आला नाहीत," सासूबाई म्हणाल्या.

"नाही. मला वाटलं, तू बघू देणार नाहीस."

"दिलं नसतंच." त्यांनी हातातली पिशवी मांडीवर घेतली. "मुलगी होती हे तुम्हाला माहीत आहे."

"माझ्या आईने सांगितलं होतं. पुढचं मी कुणाला विचारलं नाही."

"आता विचारा."

 चौतीस वर्षांत सासऱ्यांनी हा प्रश्न मनातल्या मनात हजार वेळा तयार केला असेल, आणि आता त्यांना नेमका शब्द सापडेना. त्यांचे हात गुडघ्यांवर होते, नखांत प्लास्टर होतं.

"केस होते?" त्यांनी विचारलं.

"होते," त्या म्हणाल्या. "पुष्कळ. कानांवर आलेले."